बेकारांच्या यादीत बाई का नाही?

(कार्यकर्त्यांच्या जिल्हा शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



जेवणानंतरचं सत्र आणि विषय आकडेवारीचा! संयोजकांनी माझ्यावरचा कुठला तरी जुना राग काढलेला दिसतो. पण घाबरू नका, मी एकही तक्ता आणलेला नाही. मला एकाच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. आपल्या जिल्ह्यात बेकारी किती, असं विचारलं की एक आकडा मिळतो. त्या आकड्यात आपल्या बायका कुठं असतात?

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेत असताना क्षेत्रकार्यासाठी आम्ही मराठवाड्यातल्या एका गावात घरोघर जाऊन फॉर्म भरत होतो. एका घराच्या ओसरीवर एक मावशी शेंगा फोडत बसल्या होत्या. शेजारी पोतं. नवरा बाजेवर. मी विचारलं, "मावशी, तुम्ही काय काम करता?" उत्तर बाजेवरून आलं, "ती काही करत नाही, घरीच असते." मी मावशींकडे बघितलं. त्यांनीही मान डोलावली, "काही नाही बाई, घरीच." हे म्हणतानासुद्धा त्यांचे हात थांबले नव्हते. मी रकान्यात ‘घरकाम’ असं लिहिलं आणि पुढच्या घरी गेले.

संध्याकाळी फॉर्म चाळले तर बहुतेक बायकांपुढे मी तेच लिहिलेलं होतं. अहवालात आम्ही वाक्य टाकलं, "गावातील महिलांमध्ये बेरोजगारी नगण्य आहे." आमच्या मार्गदर्शक बाईंनी तो अहवाल वाचला. मी बोलता बोलता त्या मावशींचं वर्णन केलं होतं, तेही त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग त्या शेंगा कोणी फोडल्या?"

शेंगा व्यापाऱ्याच्या होत्या. पोतं घरी टाकून जायचा आणि किलोवर पैसे द्यायचा, ते मला नंतर कळलं. म्हणजे ती बाई मजूर होती, मजुरीवर काम करत होती आणि वर्षातले कित्येक महिने ते कामही मिळत नाही म्हणून हवालदिल होती. माझ्या फॉर्मात मात्र ती मजूरही नव्हती आणि बेकारही नव्हती. ती कुठंच नव्हती.

बेकार कोणाला म्हणायचं?

आता थोडं गणित. अगदी भाजीबाजाराचं, त्याहून अवघड नाही. सरकारी पाहणी सगळ्या माणसांचे तीन भाग करते. एक, काम करणारे. दोन, काम नाही पण काम शोधणारे किंवा मिळालं तर करायला तयार असणारे. तीन, उरलेले. पहिले दोन मिळून होते श्रमशक्ती. बेकारीचा दर काढताना दुसऱ्या भागाला या श्रमशक्तीनं भागतात. तिसरा भाग या गणितात येतच नाही. आणि आपल्या बायकांची मोठी संख्या त्या तिसऱ्या भागात ढकललेली असते.

समजा, एका गावात १०० बायका आहेत. त्यातल्या ३० जणी कामावर आहेत आणि ५ जणी काम शोधताहेत. श्रमशक्ती झाली ३५. बेकारीचा दर झाला १४ टक्क्यांच्या वर. आता त्या पाचांपैकी चौघी हेलपाटे घालून थकल्या. बसभाड्याला पैसे नाहीत, सासू म्हणते कशाला जातेस, घरी लहान मूल आहे. त्यांनी काम शोधणं सोडलं. राहिली एक. श्रमशक्ती झाली ३१ आणि बेकारीचा दर आला ३.२ टक्क्यांवर. गावात एकीलाही नवं काम मिळालं नाही, तरी बेकारी घटली! कागदावर प्रगती झाली ती चौघी निराश झाल्या म्हणून.

देशभरची बेकारी मोजणारं जे नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण आहे, ते २०१७ साली सुरू झालं. त्याच्या २०२३-२४ च्या अहवालात १५ वर्षांवरच्या लोकांमधला बेकारीचा दर ३.२ टक्केच होता. माझ्या उदाहरणाशी आकडा जुळला हा निव्वळ योगायोग. पण असा लहान आकडा दिसला की आनंद मानण्याआधी तिसऱ्या भागात किती जण आहेत ते विचारायचं, एवढी सवय आपण लावून घेऊ.

बेकार राहायलाही ऐपत लागते

प्रांताप्रांतांचे आकडे बघितले की आणखी गंमत दिसते. त्याच २०२३-२४ च्या अहवालात मध्य प्रदेशात बेकारीचा दर १ टक्का होता आणि केरळात ७.२ टक्के. गोव्यात ८.५. म्हणजे मध्य प्रदेशातल्या माणसानं कामासाठी केरळात जाणं हा वेडेपणा ठरायला हवा! प्रत्यक्षात उत्तरेकडचे मजूर रेल्वेनं केरळातच उतरतात.

मग हा आकडा सांगतो काय? ज्याच्या घरी आज संध्याकाळी चूल पेटवायची पंचाईत आहे, तो बेकार राहूच शकत नाही. तो पडेल ते काम पडेल त्या मजुरीला करतो. काम शोधत थांबायला पाठीशी थोडं शिक्षण, थोडा आधार लागतो. केरळात मुली शिकल्या, त्या नोकरी मागतात, मनासारखी मिळेपर्यंत थांबतात आणि विचारल्यावर ‘मी काम शोधते आहे’ असं सांगतात. म्हणून तिथं बायकांमधला बेकारीचा दर ११.६ टक्के होता आणि पुरुषांमधला ४.४. केरळच्या मुलींचे हाल नाहीत असं मी म्हणत नाही. शिकून घरी बसणं हे मोठंच दुखणं आहे. पण ते दुखणं निदान आकड्यात उमटलं आहे. आपल्याकडच्या मजूर बाईचं दुखणं आकड्यात उमटतच नाही.

त्याला आणखी एक कारण आहे. सर्वेक्षणाच्या एका नेहमीच्या मोजपट्टीनुसार वर्षभराचा विचार करतात. बाईनं वर्षातला बराच काळ घरकाम केलं, पण दुय्यम काम म्हणून ३० दिवस जरी काही कमाईचं किंवा घरच्या शेतीचं काम केलं, तर ती ‘काम करणारी’ धरली जाते. दुसरी मोजपट्टी आठवड्याची. त्यात सात दिवसांत एक तास काम केलं तरी पुरतं. कापूस वेचणीचा दीड महिना आणि खुरपणीचे थोडे दिवस एवढंच काम मिळालेली बाई पहिल्या मोजपट्टीत कामावर असलेलीच ठरते. उरलेले दहा महिने ती कामाविना होती, ही गोष्ट त्या आकड्यात दिसत नाही.

आकडा वाढला, पैसे वाढले का?

तुमच्यापैकी काही जणी म्हणतील, पण ताई, बायकांचा कामातला सहभाग तर वाढला असं पेपरात आलं होतं. खरं आहे. २०१७-१८ मध्ये १५ वर्षांवरच्या दर १०० बायकांपैकी जेमतेम २३ श्रमशक्तीत होत्या. २०२३-२४ मध्ये त्या जवळपास ४२ झाल्या. वाढ लहान नाही आणि तिला नाकं मुरडायचं कारण नाही.

पण त्याच अहवालात पुढचं पान उलटायचं असतं. काम करणाऱ्या बायकांपैकी २०१७-१८ मध्ये २१ टक्के नियमित पगारावर होत्या. २०२३-२४ मध्ये त्या १६ टक्क्यांच्या आसपास आल्या. वाढल्या त्या ‘स्वयंरोजगार’ या मथळ्याखालच्या, जवळपास ५२ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर. आणि या स्वयंरोजगारात निम्म्याहून जास्त बायका आहेत ‘घरच्या उद्योगातील मदतनीस’. म्हणजे नवऱ्याच्या शेतात, दिराच्या दुकानात, घरच्या गोठ्यात राबणाऱ्या. त्यांना मजुरी नाही. राबणाऱ्या बाईला काम करणारी म्हटलं, हे चांगलंच झालं, त्यासाठी आपण भांडलोच आहोत. पण बिनपैशाची राबणूक मोजून ‘रोजगार वाढला’ असं कोणी म्हणू लागलं, तर आपण विचारायला हवं, की रोज मिळाला का? रोज या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ दिवसाची मजुरी असा आहे.

९२ आणि ९३

या पाहणीत प्रत्येक माणसाच्या कामाला एक क्रमांक देतात. त्यात ९२ म्हणजे ‘फक्त घरकाम’. ९३ म्हणजे घरकाम करून शिवाय सरपण, भाजी, कंदमुळं, जनावरांचा चारा गोळा करणं, घरच्यासाठी शिवणं, विणणं वगैरे. हे दोन्ही क्रमांक श्रमशक्तीच्या बाहेर. म्हणजे डोंगर चढून मोळी आणणारी आदिवासी बाई आणि ओझं न उचलता दिवस काढणारी बाई या दोघी हिशेबात एकाच कुंपणाबाहेर उभ्या.

या ९२ आणि ९३ वाल्या बायकांना २०११-१२ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत एक जादा प्रश्न विचारला होता, की घरबसल्या काम मिळालं तर कराल का? ग्रामीण भागात सुमारे ३४ टक्के आणि शहरांत सुमारे २८ टक्के बायकांनी हो म्हटलं. विचार करा. ज्यांना आपण ‘काम न शोधणाऱ्या’ म्हणून बेकारांतून वगळलं, त्यांतल्या दर तीन-चार जणींमागे एक काम करायला तयार होती. तिला कोणी विचारलं नव्हतं, इतकंच.

आणि त्या बाहेर का पडत नाहीत, याचंही उत्तर सरकारच्याच २०२४ च्या वेळवापर पाहणीत आहे. बिनमोलाचं घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो. पुरुषांपैकी जे घरकाम करतात, त्यांचा ८८ मिनिटं. म्हणजे बाई पाच तासांची पाळी करून मगच कामाच्या शोधात निघू शकते. कुठल्या रोजगार मेळाव्याच्या जाहिरातीत हे पाच तास धरलेले असतात?

प्रश्न बदलला की उत्तर बदलतं

हे सगळं मुकाट्यानं मान्य करायचं असतं असं नाही. जनगणनेचा इतिहास बघा. १९६१ च्या जनगणनेत हंगामी काम करणाऱ्यांनाही सैलपणे धरलं होतं. तेव्हा काम करणाऱ्या बायका निघाल्या १०० त २८. दहा वर्षांनी १९७१ मध्ये ‘तुमचं मुख्य काम कोणतं’ असा प्रश्न आला. बायकांनी अर्थातच सांगितलं, घर. प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं! दहा वर्षांत देशातल्या निम्म्या कष्टकरी बायका काय पलंगावर जाऊन बसल्या होत्या? बदलला होता तो प्रश्न.

या गोष्टीवर बायकांनी, अभ्यासकांनी आवाज उठवला. १९७४ च्या ‘समानतेच्या दिशेने’ या अहवालानं बायकांच्या कामाचं घसरतं चित्र समोर आणलं. १९८८ मध्ये इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा ‘श्रमशक्ती’ अहवाल आला आणि असंघटित कष्टकरी बाईची दखल सरकारदरबारी घेतली गेली. मग १९९१ च्या जनगणनेत ‘गेल्या वर्षात तुम्ही काही काम केलं का’ या प्रश्नाला कंसात एक शेपूट जोडलं गेलं. शेतावर किंवा घरच्या उद्योगात केलेलं बिनपगारी कामही धरावं, असा त्याचा मतलब. कंसातले थोडे शब्द, पण ते बायकांच्या चळवळीनं मिळवले होते. मला कोणी विचारलं की चळवळीनं काय साधलं, तर मी मोठमोठ्या मोर्चांबरोबर हा कंसही सांगते.

आपल्या जिल्ह्याचं काय?

आता जवळ येऊ. देशाचा आकडा मिळतो, राज्याचा मिळतो. तालुक्यात किती बायकांना काम हवं आहे, हे सांगणारा आकडा मात्र मिळत नाही. श्रमशक्ती सर्वेक्षणात २०२३-२४ मध्ये सबंध देशात एक लाखाच्या थोड्या वर घरं बघितली. साडेसातशेहून जास्त जिल्ह्यांत ती वाटली तर जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी १३० च्या आसपास घरं येतात. त्यावरून जिल्ह्याचं चित्र काढणं म्हणजे शितावरून भाताऐवजी सगळ्या पंगतीची परीक्षा. जानेवारी २०२५ पासून पाहणीची रचना बदलली, जिल्हा हा तिचा मूळ घटक झाला आणि घरांची संख्या सुमारे २ लाख ७२ हजारांवर नेली. पाऊल चांगलं आहे. तरीही जिल्ह्यामागे सरासरी साडेतीनशे घरं.

गावागावाचा आकडा देते ती फक्त जनगणना. २०११ मध्ये महाराष्ट्रात १०० बायकांपैकी ३१ काम करणाऱ्या निघाल्या होत्या. ग्रामीण भागात ४२ आणि शहरांत फक्त १७. पुढची जनगणना २०२१ ला व्हायची ती झाली नाही. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे. म्हणजे दीड दशक आपण गावाबद्दल बोललो ते २०११ च्या कागदावरून. तेव्हा पाळण्यात असलेली मुलगी या काळात शाळा सोडून ऊसतोडीला जाऊ लागली असेल.

ऊसतोडीचं नाव निघालंच आहे. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला घरंच्या घरं कारखान्यांच्या भागात जातात. तिथं मोजमाप माणसाचं नसतं, ‘कोयत्या’चं असतं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला, हिशेब जोडीचा आणि मुकादमापुढे अंगठा बहुधा नवऱ्याचा. एकटी बाई किंवा एकटा पुरुष म्हणजे ‘अर्धा कोयता’. पहाटेच्या आधी उठून भाकरी थापणारी, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी बाई स्वतंत्र मजूर म्हणून त्या हिशेबाच्या वहीत नाही. मार्च-एप्रिलला ती गावी परतते आणि पुढचे महिने कामाविना काढते. तेव्हाही तिला कोणी बेकार म्हणत नाही. ती ‘घरी’ असते.

मोजलं की दिसतं

कोणी म्हणेल, मोजून पोट भरतं का? नाही भरत. पण न मोजल्यानं काय होतं ते याच जिल्ह्यानं दाखवलं आहे. ऊसतोडीच्या बायकांची गर्भाशयं कमी वयात काढली जातात, हे त्या भागातल्या कार्यकर्त्या अनेक वर्षं सांगत होत्या. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की दंड, फडावर ना आडोसा ना पाणी, म्हणून बायका ‘पिशवी काढून टाका’ म्हणायच्या. ऐकणारे म्हणायचे, अशा घटना कुठं कुठं होत असतील. २०१९ मध्ये गवगवा झाला, राज्य सरकारनं समिती नेमली आणि बीड जिल्ह्यात घरोघर मोजणी झाली. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. त्यानंतर ‘कुठं कुठं’ हा शब्द कोणाला वापरता आला नाही. दुःख तेच होतं. आकड्यानं त्याला साक्षीदार मिळाला.

दुसरं उदाहरण आपल्याच राज्याचं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आणि बंधारे घालायला जी माणसं लोटली, त्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. ज्या बायका पाहणीत ‘घरी असतात’, त्या काम मिळतंय म्हटल्यावर पाटी-घमेलं घेऊन उभ्या राहिल्या. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, त्यात ‘मागेल त्याला काम’ हे तत्त्व आलं. कामाची मागणी लेखी द्यायची, तिची पोच घ्यायची. ती पोच म्हणजे, खरं सांगायचं तर, गावातल्या बेकारीचा सगळ्यात खरा आकडा. तो सर्वेक्षकानं काढलेला नव्हता, बाईनं स्वतः नोंदवलेला होता. कायदे बदलत राहतील, योजनांची नावं बदलतील. मागणी लेखी द्यायची आणि पोच घ्यायची, हा धडा सोडायचा नाही.

आपण काय करायचं?

तीन गोष्टी सुचवते.

पहिली, जनगणनेच्या किंवा कुठल्याही पाहणीच्या आधी बचत गटाच्या बैठकीत एक तास हाच विषय घ्या. ‘काही करत नाही’ हे उत्तर द्यायचं नाही, असं ठरवा. शेळ्या कोण सांभाळतं, विडी कोण वळतं, शेतावर निंदणी कोण करतं, हे घरातल्या बाईनंच सांगायचं आणि स्वतः सांगायचं. दाराशी माणूस आला की नवऱ्याला हाक मारायची सवय आहे ना, ती मोडायची.

दुसरी, आपल्या गावाचा आकडा आपण काढायचा. मोठं शास्त्र लागत नाही. शंभर पानी वही पुरे. प्रत्येक बाईला चार प्रश्न विचारायचे. गेल्या वर्षात कोणत्या महिन्यात काय काय काम केलं? त्याचे पैसे कोणाच्या हातात आले? किती दिवस काम हवं होतं पण मिळालं नाही? मिळालं असतं तर जायला आड काय आलं असतं? ‘काम शोधता का’ असं विचारू नका. त्या प्रश्नाला ‘नाही’ असंच उत्तर येतं, कारण शोधायचं कुठं हेच तिला ठाऊक नसतं. बारा महिन्यांचे बारा रकाने आखा. ते भरले की कोणत्या महिन्यात गाव रिकामं असतं, ते कोणालाही दिसेल.

तिसरी, ती वही कपाटात ठेवायची नाही. ग्रामसभेत वाचायची. अमुक महिन्यात इतक्या बायकांना काम हवं आहे, पाळणाघर असेल तर आणखी इतक्या जणी येतील, असं नावानिशी सांगायचं. ‘महिलांचा प्रतिसाद नाही’ हे वाक्य आपण सगळ्यांनी कचेऱ्यांत ऐकलेलं आहे. त्या वाक्यासमोर ही वही ठेवायची.

शेवटी त्या मावशींकडे येते. अहवाल परत आल्यावर मी पुन्हा त्या गावी गेले होते, फॉर्म दुरुस्त करायला. या वेळी विचारलं, "मावशी, काल उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलंत?" त्यांनी सांगायला सुरुवात केली. पाणी, शेण, भाकरी, शेतावर खुरपणी, दुपारी शेंगा, संध्याकाळी सरपण. माझा रकाना संपला, मी समासात लिहायला लागले. मध्येच त्या थांबल्या आणि हसून नवऱ्याला म्हणाल्या, "ऐकलं का, मी लई काम करते की!"

बाजेवरून काही उत्तर आलं नाही. मी मागचा ‘घरकाम’ हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, ‘शेतमजूर, शेंगा फोडण्याची मजुरी, वर्षातले सात महिने काम नाही.’ माझ्या हातून लिहिलेला तो पहिला खरा आकडा.